'तादीब' म्हणजे संस्कार की शिक्षा?

प्रश्न : इस्लामी शिक्षणावर वाचताना 'तादीब' हा शब्द सारखा भेटतो. एका भाषांतरात त्याला 'संस्कार' म्हटलंय, दुसऱ्यात 'शिक्षा'. नेमकं काय धरायचं? आणि 'ताझीर' म्हणजे हेच का?

उत्तर : मूळ शब्द 'अदब'. आपण अदबीने बोलतो, बेअदबी करत नाही, तोच. ती अदब अंगी बाणवणं म्हणजे तादीब. राजपुत्रांना शिकवणाऱ्याला 'मुअद्दिब' म्हणत. वळण लावताना रागावणं, दंड करणंही आलं, म्हणून तोही अर्थ चिकटला. आपल्या 'शिक्षा'चं असंच झालं : संस्कृतात शिकवण, हिंदीत आजही शिक्षण, मराठीत मात्र दंड. त्यामुळे मराठीत 'तादीब'ला सरसकट 'शिक्षा' लिहिलं की अर्धा अर्थ गळतो आणि उरलेला भलताच कठोर वाटतो.

ताझीर वेगळं. ज्या गुन्ह्याला ठरावीक शिक्षा सांगितलेली नाही, तिथे काझी आपल्या अधिकारात देतो ती. ती जागा न्यायालयाची.

प्रश्न : पण छडीला मुभा होतीच ना?

उत्तर : होती, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मुभेपेक्षा मर्यादांवरच जास्त लिहिलं गेलंय. नवव्या शतकात आजच्या ट्युनिशियातल्या कैरवानच्या इब्न सहनून या धर्मशास्त्रज्ञाने खास शिक्षकांसाठी पुस्तक लिहिलं. कुराण शिकवताना तीनपेक्षा जास्त फटके नकोत, डोक्यावर-तोंडावर तर मुळीच नकोत, असं त्यात आहे. शाफई मताप्रमाणे (सुन्नी कायद्याच्या चार परंपरांपैकी एक) मार खाऊन मूल दगावलं तर शिक्षक जबाबदार. वळण लावत होतो, ही सबब चालत नाही. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो.

बक्षिसाचा विचार गझाली या अकराव्या शतकातल्या विचारवंताने केलाय. मुलाने चांगलं काही केलं की चारचौघांत कौतुक करा, बक्षीस द्या. एखादी चूक झाली, त्यातून मूल ती लपवू पाहत असेल, तर तिकडे काणाडोळा करा. पुन्हा केली तर एकांतात समज द्या. ऊठसूट बोलू नका. बोलणी खायची सवय झाली की शब्दाला वजन राहत नाही. कौतुक चारचौघांत, कानउघाडणी एकट्याला, हा क्रम आजही कितीतरी घरांत उलटा असतो.

इतिहासकार इब्न खल्दूनने 1377 मध्ये 'मुकद्दिमा' या ग्रंथात आणखी स्पष्ट लिहिलं : धाकात वाढलेलं मूल आळशी होतं, मार चुकवायला खोटं बोलतं, कपट शिकतं आणि पुढे तोच त्याचा स्वभाव बनतो. म्हणजे ज्या अदबीसाठी मारलं, तीच गेली. अशा माराला तादीब म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : मग मराठीत काय लिहावं?

उत्तर : गुरू-शिष्याचा संदर्भ असेल तर 'वळण लावणे'. मूळ अरबीत 'दर्ब' असेल तिथे मात्र सरळ 'मारणे' लिहा. तिथे 'शिस्त' घालून सौम्य करू नका.