काळी टायगर रिझर्व्हची सफारी, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूरचे, दांडेली म्हणजे शेजारघरच, पण काळी टायगर रिझर्व्हची (पूर्वीचं दांडेली-अणशी) सफारी काय अजून केलेली नाही बघा. डिसेंबरात आई-पप्पा आणि ६ वर्षांच्या पोरीला घेऊन जायचं म्हणतोय. फणसोलीहून सकाळची जीप घ्यावी की दुपारची? पहाटे घरातनं निघालं तर वेळेत पोचतोय काय, की आदल्या रात्री कुळगीला राहिलेलं बरं? आईची कंबर धरते, ओपन जीपचे धक्के झेपतील काय? जंगल एवढं दाट की वाघ क्वचितच दिसतो हे माहीत आहे, पण पोरीला काळा बिबट्याच बघायचाय, त्यासाठी स्वेटरपण काळाच काढून ठेवलाय तिनं. मला धनेश पक्षी (हॉर्नबिल) दिसला तरी पैसे वसूल. कोण हल्ली जाऊन आलंय काय, सांगा की.