‘एवढे दिवस गप्प का बसली?’ हे विचारणं आधी थांबवा

पूर्वभागातली
आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं. त्यामुळे पाणी आलं की सगळा बोळ बाहेर. मागच्या पाळीला विषय होता एका पोरीचा. नात्यातल्या माणसाने जबरदस्ती केली, हे तिने कित्येक महिन्यांनी आईला सांगितलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. प्रतिसादात कुणी अंदाज बांधू नका. पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे.)

पहिला प्रश्न आला, “मग एवढे दिवस गप्प का बसली?” दुसरा, “भिंतीला भिंत लागून आहे, ओरडली का नाही?” घागरी भरेपर्यंत पोरीचा निकाल लागला. त्या माणसाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

भीतीने शरीर गोठतं, हात उचलत नाही, आवाज फुटत नाही. २०१७ साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी बलात्कारानंतर दवाखान्यात आलेल्या २९८ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ७० टक्के बायकांचं शरीर त्या वेळी असंच गोठलं होतं. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही, हे आपल्या कायद्यातही २०१३ पासून स्पष्ट लिहिलंय. आणि देशात नोंदल्या जाणाऱ्या बलात्कारांत दहापैकी नऊहून जास्त वेळा आरोपी ओळखीचाच असतो. ज्याला मामा, काका, दादा म्हणत वाढलो, त्याचं नाव तोंडातून काढायला किती बळ लागत असेल?

माझं म्हणणं एवढंच आहे. पोरीने तोंड उघडलं की तिची उलटतपासणी घेऊ नका.

रेल्वेलाईन_काका
ताई, तळमळ कळते. पण दुसरी बाजूही बघा. माझ्या मित्राच्या मुलावर असाच आरोप झाला. कोर्टाने निर्दोष सोडलं, तोवर नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. ऐकल्याबरोबर विश्वास ठेवायचा म्हणजे समोरचा ऐकण्याआधीच दोषी ठरला की.

पूर्वभागातली
काका, त्या मुलाचं नुकसान झालं हे मी नाकारत नाही. पण त्याला दोषी कुणी ठरवलं? अशाच नळावरच्या गप्पांनी. पोरीला “तुझी चूक नाही, सांग काय करू” म्हटल्याने कुणी तुरुंगात जात नाही. पुरावा पोलीस गोळा करतील, कोर्ट तपासेल. मावशीने आणि मैत्रिणीने फक्त सोबत करायची असते.

चादरवाला_अण्णा
बोलायला सोपं आहे हो. आम्ही मागावरची माणसं, राहायचं त्याच बोळात. पोलीस ठाण्याची पायरी चढली की पोरीचं नाव गावभर. उद्या तिला स्थळ कोण आणणार? वडीलधाऱ्यांनी बसून मिटवलं तर पोरीचीच अब्रू राहते.

नर्सताई
अण्णा, मिटवताना तुम्ही पोरीला विचारता का? बैठकीत ती नसतेच. आणि ज्याने केलं तो पुन्हा त्याच घरात जेवायला येतो.

आणखी एक. पोलीस नको म्हणून दवाखानाही टाळू नका. सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने उपचार मोफत द्यायचे असतात, आधी एफआयआर आणा म्हणता येत नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण सज्ञान बाईला तक्रार करायची नसेल तर तसं ती लिहून देऊ शकते. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही जितकी लवकर तितकी बरी. जमलं तर अंघोळ करण्याआधी, अंगावरचे कपडे न धुता या. पण अंघोळ झाली असली, दिवस गेले असले, तरी या. तपासणी तिच्या संमतीनेच होते. ‘टू फिंगर टेस्ट’ (योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी) करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलंय.

पोरगी १८ च्या आतली असेल तर मात्र मिटवण्याचा प्रश्नच नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली पोलिसांना कळवावंच लागतं.

सोलापुरी_वाघ
कशाला एवढा काथ्याकूट? भर चौकात, चार पुतळ्यांपाशी दोघा-तिघांना फाशी द्या, सगळे सरळ होतील.

सातरस्ता_वकील
भाऊ, संताप रास्त आहे. पण आरोपी सख्खा काका असला की फाशीच्या भीतीने पोरीचं तोंड घरचेच आधी दाबतात.

नळावरचे ते प्रश्न एकेकाळी सर्वोच्च न्यायालयानेही उचलून धरले होते. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून आरोपी सुटले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुढे १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की, उशिराचं कारण पटण्यासारखं असेल तर तेवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

अण्णांसाठी : पीडितेचा जबाब तिच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. सुनावणी बंद दाराआड होते. राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेतून दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन लावा.

विडी_घरकुल
वकीलसाहेब, उशीर चालतो म्हणता. मग कामावरच्या लैंगिक त्रासाच्या कायद्यात तक्रारीला तीन महिन्यांची मुदत का? कारखान्यात विड्या द्यायला गेलं की विड्या तपासणारा चेकर हात धरतो. बोललं तर निम्म्या विड्या नापास करतो, दुसऱ्या दिवशी तंबाखू कमी देतो. आमच्या बायकांना तीन महिने तर धीर गोळा करायलाच लागतात.

सातरस्ता_वकील
बरोबर आहे ताई, ती मुदत अपुरीच आहे. सबळ कारण असेल तर कारखान्याची तक्रार समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. कारखान्यात समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. पोलिसांत न्याय संहितेच्या कलम ७५ (लैंगिक छळ) खाली वेगळी तक्रारही होते, तिला हे तीन महिने लागू नाहीत. बलात्काराच्या तक्रारीला तर मुदतच नाही.

रेल्वेलाईन_काका
माझी शंका पूर्ण गेलेली नाही. पण नळावर निकाल लावू नये, ना पोरीचा ना पोराचा, एवढं मान्य.

चादरवाला_अण्णा
एक विचारतो. पोरगी वीस वर्षांची आहे. पोलिसांत जायला ती आत्ता नको म्हणते. आणि पाडव्याला तो माणूस घरी येतोच, थोरल्या भावाचा मेहुणा आहे. भावाला काय सांगू?

पूर्वभागातली
अण्णा, “यंदा तो आमच्या घरी येणार नाही” एवढंच सांगा. भावाने कारण विचारलं तर पोरीला विचारल्याशिवाय देऊ नका. तोंड वाकडं झालं तर होऊ द्या. तक्रारीची घाई तिला करू नका, पण १८१ नंबर तिच्याकडे देऊन ठेवा. आणि हे सगळं तिच्या मागे ठरवू नका. आज रात्रीच तिच्याशी बोला.