विषय: पांडवलेण्यांचं 'मतदान'

पहिली मेल, ह्यूस्टनहून (मूळ पंचवटी)

मंडळी, सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्ह्यातला साल्हेर किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यापासून आमच्या घरी नाशिकशिवाय दुसरा विषय नाही. आज एका नातेवाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली आहे. पांडवलेण्यांना युनेस्कोचा दर्जा मिळावा म्हणून मत द्यायचं आहे. आपल्या प्रत्येक घरातून चार मतं गेली तरी मोठा आकडा होईल. गणपतीच्या आरतीनंतर हॉलमध्येच सगळ्यांकडून करून घेऊ या का?

उत्तर, नाशिकहून

दादा, नमस्कार.

मी गेल्या वर्षी न्यू जर्सीहून कायमची परत आले, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. घर पाथर्डी फाट्याजवळ आहे आणि गच्चीतून लेण्यांचा त्रिरश्मी डोंगर रोज दिसतो. लेणी त्या यादीत जावीत असं मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच विनंती करते, आरतीनंतर हे मतदान नको.

युनेस्कोच्या निवडीत लोकांची मतं मोजलीच जात नाहीत. २००७ साली आपण ताजमहालासाठी मोबाइलवरून मतं पाठवली होती, आठवतं? नव्या सात आश्चर्यांची ती खासगी मोहीम होती आणि आपला तिच्याशी संबंध नाही असं युनेस्कोने तेव्हा जाहीरही केलं होतं. ताज तर १९८३ मध्येच जागतिक वारसा झाला होता, अजिंठा, वेरूळ आणि आग्र्याच्या किल्ल्याबरोबर.

स्थळ सुचवायचं ते देशाच्या सरकारने. आपल्याकडे राज्यांचे प्रस्ताव भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे जातात आणि तिथून देशाच्या संभाव्य यादीत. त्या यादीत किमान एक वर्ष गेल्याशिवाय नामांकन करता येत नाही आणि एका देशाला वर्षाला एकच नामांकन करता येतं. त्यामुळे पहिली स्पर्धा घरातलीच, देशभरातली कितीतरी स्थळं त्याच रांगेत आहेत. पुढे फाइल १ फेब्रुवारीच्या आत पॅरिसला पोचवायची. सांस्कृतिक स्थळांची छाननी इकोमॉस ही तज्ज्ञांची संस्था करते. कागद तपासले जातात आणि माणूस प्रत्यक्ष येऊन पाहून जातो, साल्हेरसह मराठा किल्ल्यांची अशी पाहणी सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. शेवटचा निर्णय २१ देशांच्या समितीचा.

निकष दहा आहेत, सहा सांस्कृतिक आणि चार नैसर्गिक. त्यातला एक तरी पूर्ण व्हावा लागतो. पण मला सगळ्यात अवघड वाटतो तो तुलनेचा भाग. असं दुसरीकडे कुठे आहे आणि यादीत आधीच काय आहे, हे फाइलमध्ये दाखवावं लागतं. लेणी म्हटली की समोर अजिंठा-वेरूळ उभी राहतात. चित्रांत आणि शिल्पांत आपण त्यांच्यापुढे टिकणार नाही. आपलं बळ शिलालेखांत आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात लिहून ठेवतो की त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले, २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० शेकडा पाऊण व्याजाने. व्याज भिक्षूंच्या चिवरांसाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, आणि इतर खर्चासाठी. मुद्दलाला हात लावायचा नाही, हेही बजावलेलं आहे! आणि तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाचा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम कोरवून घेते. नहपानाचा क्षहरात वंश त्याने निःशेष केला, असं ही आई सांगते. हरलेला आणि जिंकलेला, दोघांचे शब्द एकाच डोंगरावर. हा लेख पहिल्यांदा समजून वाचला तेव्हा मी तिथेच पायरीवर बसून राहिले होते.

यानंतर संरक्षणाचा प्रश्न. स्थळाची हद्द, भोवतीचा राखीव पट्टा, व्यवस्थापनाचा आराखडा, हे सगळं लागतं. आपल्या डोंगराच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, समोरून मुंबई-आग्रा महामार्ग जातो आणि आमच्यासारख्यांच्या इमारती दर वर्षी वाढताहेत. जर्मनीतल्या ड्रेस्डेनने एल्बे नदीवर नवा पूल बांधायला घेतला म्हणून २००९ मध्ये त्यांच्या खोऱ्याचं नाव यादीतून काढलं गेलं. आपल्याकडे तेवढ्या कडक अटी पाळायची तयारी आहे का, हे मी इथल्या प्रत्येक बैठकीत विचारते.

(कुंभमेळा आधीच यादीत आहे ना, असं कोणी विचारेल. तो २०१७ मध्ये अमूर्त वारशाच्या, म्हणजे परंपरा-उत्सवांच्या, यादीत गेला, ती यादी वेगळी.)

तिसरी मेल, टोरांटोहून (मूळ मनमाड)

ताई, तुम्ही सांगितलंत ते पटलं. पण मग आमच्या अंकाई-टंकाई या जोडकिल्ल्याचं काय झालं? २०२१ मध्ये युनेस्कोसाठीच्या मराठा किल्ल्यांत त्याचं नाव पेपरात वाचलं होतं. मनमाडहून येवल्याकडे जाताना गाडीतून ती जोडी दिसली की वडील हात जोडायचे. शेवटच्या यादीत मात्र नाव नाही. फार वाईट वाटलं.

उत्तर, नाशिकहून

भाऊ, मलाही वाटलं. २०२१ च्या संभाव्य यादीत चौदा नावं होती आणि त्यात आपल्या जिल्ह्याची तीन: साल्हेर, मुल्हेर, अंकाई-टंकाई. ११ जुलै २०२५ ला समितीने मान्य केलेल्या बारा किल्ल्यांत त्यातलं फक्त साल्हेर आहे. तोरणा, रांगणा, पद्मदुर्ग आणि अलिबागचा कुलाबाही नाहीत. प्रतापगड, पन्हाळा, विजयदुर्ग आणि तामिळनाडूतला जिंजी नव्याने आले. नामांकनाचं नावही बदललं. आधी 'महाराष्ट्रातील मराठा लष्करी स्थापत्य' होतं, आता 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' आहे. म्हणजे तट-बुरुजांबरोबर डोंगर, समुद्र आणि खिंडी यांचा युद्धात कसा उपयोग केला, हे सांगायचं होतं. अनेक स्थळांचं एकत्र नामांकन असलेल्या अशा मालिकेत प्रत्येक किल्ल्याला मूळ गोष्टीत आपली स्वतःची भर दाखवावी लागते. १,५६७ मीटरवरचा, राज्यातला सर्वांत उंच किल्ला आणि १६७२ ची मोगलांशी उघड्या मैदानातली लढाई, ही साल्हेरची भर.

अंकाई-टंकाईचं वैभव निराळं आहे. टंकाईची जैन लेणी, अंकाईची ब्राह्मणी लेणी आणि वर किल्ला. मला तर वाटतं, मराठा लष्कराच्या मालिकेपेक्षा त्याची गोष्ट लेण्यांच्या अंगाने जास्त चांगली मांडता येईल.

मंडळाला करायचंच असेल तर हे करू या. आपापल्या घरी पांडवलेणी, अंकाई, मुल्हेर यांचे जुने फोटो असतील ते काढा. पन्नास वर्षांपूर्वी तट कुठवर उभा होता, पायऱ्या कशा होत्या, हे अशा फोटोंतूनच कळतं आणि फाइलला असा पुरावा लागतो. गोळा करून पुरातत्त्व खात्याकडे नेऊन द्यायचं काम माझ्याकडे.

उत्तर, टोरांटोहून

ताई, वडिलांचा १९६८ चा एक आहे. अंकाईच्या दरवाज्यात शाळेची सहल. मुलंच जास्त आहेत, दरवाजा अर्धाच दिसतो. चालेल?

उत्तर, नाशिकहून

अर्धा दरवाजाही हवा आहे. फोटोच्या मागे काही लिहिलं असेल तर ती बाजूही स्कॅन करून पाठवा.