आर्कन्सॉत आई-बाबांसोबत चार दिवस: काय गाळू?

डॅलसवासी:
एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस मोकळे आहेत. पुण्याहून आई-बाबा आलेत. बाबा अजून सिंहगड चढतात, आईचे गुडघे दुखतात, मुलं ११ आणि ७ वर्षांची. यादीत हॉट स्प्रिंग्ज, हिऱ्यांचं शेत, बफेलो नदी, माउंट मॅगझिन आणि लिटल रॉक आहे. एवढं जमेल का?

मोगरा:
नाही जमणार. मॅगझिन राज्यातलं सर्वांत उंच शिखर (२,७५३ फूट) असलं तरी ते यावेळी सोडा.

हॉट स्प्रिंग्जला गणेशपुरीसारखी उघडी कुंडं शोधू नका, माझ्या सासूबाई त्याच कल्पनेने आल्या होत्या. झरे बहुतेक झाकलेले आहेत, पाणी साधारण ६२ अंश सेल्सिअस. स्नान करायचं तर बाथहाउस रोवर, म्हणजे जुन्या स्नानगृहांच्या रांगेत, बकस्टाफ किंवा क्वापॉमध्ये पैसे भरून. मुलांसाठी वयाची अट आधी विचारून घ्या. सार्वजनिक नळांवर मात्र लोक कॅन भरून पाणी नेतात. प्यायला छान, गंधकाचा वास अजिबात नाही. बाबांना आवडेल अशी गोष्ट: हे पाणी म्हणजे सुमारे ४,४०० वर्षांपूर्वीचा पाऊस. जमिनीत खोल झिरपत तापतो आणि भेगांमधून झपाट्याने वर येतो, ज्वालामुखीचा काही संबंध नाही. आईंसाठी बाथहाउसच्या मागची विटांची सपाट वाट आहे, ग्रँड प्रॉमनाड.

हिऱ्यांचं शेत मर्फ्रीझबरोला, जाता जाताच करा. ३७ एकर नांगरलेली जमीन, सापडेल तो हिरा तुमचा. पाऊस पडून गेल्यावर माती धुऊन खडे वर येतात. जुने कपडे न्या.

रानवाट:
मी नोकरीमुळे आठ वर्षं बेंटनविलला आहे. काहीही गाळा, बफेलो गाळू नका. तिला पूर्ण दोन दिवस द्या.

या नदीवर धरण नाही, आणि ते आपोआप राहिलं नाही. लष्कराच्या इंजिनियर खात्याने धरणांचे आराखडे केले होते. इथलेच डॉक्टर नील कॉम्प्टन यांनी १९६२ मध्ये ओझार्क सोसायटी उभी केली आणि लोक दहा वर्षं लढले. १९६५ मध्ये गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनीही धरणाला विरोध केला. हे तेच फॉबस, ज्यांनी १९५७ मध्ये लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलच्या दारात नऊ कृष्णवर्णीय मुलांना अडवायला नॅशनल गार्ड उभे केले होते. ती शाळा पाहणार असाल तर मुलांना दोन्ही गोष्टी सांगा. १ मार्च १९७२ ला बफेलो देशातली पहिली ‘राष्ट्रीय नदी’ झाली.

पण नदी वाचली तेव्हा काठच्या अनेक शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या. माझ्या आजोळचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं, त्यामुळे बॉक्सली खोऱ्यात जुनी कोठारं दिसली की मी गाडी थांबवतोच. तिथे पहाटे किंवा संध्याकाळी एल्क (सांबरासारखी मोठी हरणं) चरताना रस्त्यावरूनच दिसतात. आईंना चालावं लागणार नाही. बाबा आणि मुलांना पाँकाजवळच्या लॉस्ट व्हॅलीत न्या, गुहा आणि धबधबा दोन्ही आहे.

डॅलसवासी:
पाँकाहून कनू (वल्ह्यांची निमुळती होडी) घेऊन गेलो तर? सात वर्षांची मुलगी चालेल?

रानवाट:
तो टप्पा सर्वांत देखणा, पण नवख्यांसाठी नाही. एप्रिलमध्ये पाणी थंडगार असतं आणि डोंगरात पाऊस झाला की तासाभरात चढतं. खाली गिल्बर्टच्या बाजूला नदी रुंद आणि शांत आहे, तिथे अर्धा दिवस घ्या. निघण्यापूर्वी कनूवाल्याला पाण्याची पातळी विचारा, तो नको म्हणाला तर ऐका. लाइफ जॅकेट सगळ्यांना, बाबांनाही. काचेची बरणी नदीवर चालत नाही, लोणचं डब्यात भरा.

मोगरा:
गोचिडांचं विसरू नका. रोज रात्री मुलांच्या काखा, कानामागे, मोज्यांच्या वर बघायचं. तीन पानांची वेल (पॉयझन आयव्ही, अंगाला खाज सुटते) दिसली की हात लावू द्यायचा नाही.

डॅलसवासी:
ठरलं. पहिला दिवस हिरे आणि रात्री हॉट स्प्रिंग्ज, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वर बफेलोजवळच्या जॅस्पर गावी, तिसरा नदीवर, चौथ्या दिवशी पहाटे एल्क बघून परत. लिटल रॉकसाठी वेगळी फेरी करू, त्या शाळेला तासभर उरकून चालणार नाही. जॅस्परला मुक्काम केबिनमध्ये की मोटेलमध्ये?

रानवाट:
केबिन. स्वयंपाकघर असतं, आईंना चहा स्वतःच्या हाताचा मिळेल. किराणा वाटेत रसेलव्हिलमध्येच भरून घ्या, पुढे दुकानं लवकर बंद होतात.