रवंथ करते म्हणजे निरोगी?

कुणीतरी लिहिलंय, 'चरते, रवंथ करते, म्हणजे शेळी निरोगी.' अर्धंच खरं. यकृतात नाहीतर फुप्फुसात पाण्याने भरलेले, पांढुरक्या जाड भिंतीचे फुगे घेऊन शेळ्या वर्षानुवर्षं खुशाल चरतात. या हायडॅटिड गाठी (पट्टकृमीच्या अळ्यांच्या गाठी) बहुधा शेळी कापल्यावरच दिसतात. तेव्हाही नुसतं बघून भागत नाही. फुप्फुस बोटांनी चाचपायचं, यकृताच्या पित्तनलिकांना छेद द्यायचा. यकृतकृमी असतील तर चपट्या पानांसारखे बाहेर सरकतात. गाठीचा अवयव कुत्र्यांपुढे मात्र टाकू नका (सर्रास टाकतात!). गाठीतल्या अळ्यांपासून त्यांच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो, अंडी विष्ठेतून चाऱ्यावर जातात, माणसाच्याही पोटात. आणि कळपाच्या मालकाला कळवायचं तर कानातला बिल्ला तपासणी होईपर्यंत राहू द्या. तो आधीच काढला, तर मालक शोधणार कसा?