दुर्बीण नसली तरी चालतं

‘दुर्बिणीशिवाय शाळेत आकाशदर्शन कसलं?’ हे काही पटलं नाही. शून्य सावली, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली नाहीशी होणं, बघायला काय लागतं? पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा. पुण्यात 13-14 मेच्या सुमारास आम्ही तो गच्चीवर उभा केला होता. बाराला सावली दिसल्यावर पोरं ‘फसवलंत काका’ म्हणत खाली निघालेली. कसंबसं थांबवलं. 12 वाजून 31 मिनिटांच्या आसपास बाहेरची सावली गायब आणि पाइपच्या आत फरशीवर लख्ख ऊन! आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावरच्या वेळेचं, पुणं त्याच्या पश्चिमेला, म्हणून इथे सूर्य उशिरा डोक्यावर येतो. तो अर्धा तास त्यातूनच येतो, हे तेव्हा समजावावं लागलं नाही.

खरी अडचण वेगळीच: मेमध्ये शाळांना सुट्टी आणि वर्षातली शून्य सावलीची दुसरी तारीख जुलैअखेर, तेव्हा आभाळ भरलेलं. म्हणून आम्ही शाळेचा नाद सोडून सोसायटीचीच गच्ची धरली.