मदत हवी आहे: मिश्र वयोगटात 'थांबण्याचे' खेळ

बालवर्गात ३ ते ५ वर्षांची मुलं एकत्र आहेत. मनाला आवर घालणं आणि बदललेल्या नियमाप्रमाणे वागणं या क्षमता याच वयात झपाट्याने वाढतात, म्हणून रोज १० मिनिटं 'टाळी थांबली की पुतळा' घेते. एवढं सगळ्यांना जमतं. पण नियम उलटा केला (जलद टाळीला हळू चाला, हळू टाळीला पळा) की तीन वर्षांची मुलं तोंडाने नियम अचूक सांगतात आणि पाय मात्र जुन्याच नियमाने धावतात. वयाला साजेसंच आहे ते, रागावून उपयोग नाही.

वेग कमी केला, कासव-सशाची चित्रकार्डं दाखवली. थोडाच फरक पडला. उलटा नियम काढून टाकला तर मोठी कंटाळतात. खोली एकच, त्यामुळे वेगळे गट शक्य नाहीत, स्क्रीन नको.

लहानांना झेपेल आणि मोठ्यांनाही डोकं लावावं लागेल, असा एकच खेळ कसा रचावा?